राजारामपुरीतलं बेलफास्टचं पॅकेज

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका परदेशी शिक्षण सल्ला केंद्राने यंदा खास बेलफास्टसाठी पॅकेज काढलंय. क्वीन्स किंवा अल्स्टर युनिव्हर्सिटीतला प्रवेश, व्हिसाची फाइल, निघण्याआधी दोन तासांचं मार्गदर्शन आणि स्पायरल बाइंडिंगची चाळीस पानी पुस्तिका. फी १८,००० रुपये. दारातल्या फ्लेक्सवर ठळक अक्षरांत, ‘एक डिग्री, दोन देश : यूके आणि आयर्लंड’. केबिनमधल्या नकाशात अख्खं आयर्लंड बेट एकाच हिरव्या रंगात आहे आणि बेलफास्टवर लाल टाचणी टोचलीय. खोट नेमकी त्या नकाशात आहे : बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे यूकेत, आणि बाकीचं बेट हा वेगळा देश. पण आधी जमेची बाजू.

फाइल चोख लावतात. खर्चाचे पैसे सलग २८ दिवस खात्यात पाहिजेत, त्यातला शेवटचा दिवस अर्जाच्या आधी ३१ दिवसांच्या आतला पाहिजे, आणि मधे एक दिवस जरी शिल्लक खाली आली तरी अर्ज फेटाळला जातो, हे पहिल्याच भेटीत सांगतात. सोन्याचं मूल्यांकन, सातबारा, पीएफची पावती यातलं काही चालत नाही. आपल्याकडे बऱ्याच घरांचा पैसा पतसंस्थेत असतो, तोही धरत नाहीत. आरबीआयच्या देखरेखीखालच्या बँकेत शिल्लक किंवा लगेच मोडता येणारी एफडी लागते. म्हणून दोन महिने आधीच पैसे हलवायला लावतात, ते बरोबर आहे. खातं वडिलांच्या नावावर असेल तर संमतीपत्र आणि जन्मदाखल्याचं इंग्रजी भाषांतर स्वतः करून घेतात. टीबीचं प्रमाणपत्र मान्यताप्राप्त यादीतल्याच क्लिनिकचं लागतं आणि ते सहा महिनेच चालतं, गल्लीतला एक्स-रे तिथे बिनकामाचा. आरोग्य अधिभाराचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायच्या रकमेचा, हिशेबही नीट समजावतात. विद्यार्थ्यांना दर वर्षाला ७७६ पौंड, पण एका वर्षाच्या मास्टर्सला व्हिसा वर्षापेक्षा जास्त मिळतो, म्हणून दीड वर्षाचे ११६४ भरावे लागतात. बोटांचे ठसे द्यायला पुण्याची अपॉइंटमेंटही तेच काढतात. इथपर्यंत पैसे वसूल.

आता पुस्तिकेचं सोळावं पान. तिथे सल्ला असा : मुंबईहून डब्लिनचं तिकीट काढा, स्वस्त पडतं, विमानतळाच्या दारातून बेलफास्टची बस मिळते, दोन तासांत पोच. बस मिळते हे खरं. वाटेत चेकपोस्ट नाही हेही खरं. पण डब्लिन ही आयर्लंड प्रजासत्ताकाची राजधानी, म्हणजे वेगळा देश, आणि तिथे उतरायला भारतीय पासपोर्टला आयर्लंडचा व्हिसा लागतो. यूकेचा स्टुडंट व्हिसा त्याच्या जागी चालत नाही. विमान कंपनी कागद बघते ती मुंबईलाच, त्यामुळे बॅगा चेक-इनला टाकतानाच माघारी फिरायची पाळी येते आणि तिकिटाचे पैसे जातात. बेलफास्टला जायचं ते लंडन किंवा मँचेस्टरला उतरून, तिथून दुसरं विमान धरून. शहराला दोन विमानतळ आहेत, सिटी आणि इंटरनॅशनल. सिटी अगदी गावात आहे, इंटरनॅशनल बाहेर ऑल्डरग्रोव्हला. तिकिटावर कुठलं लिहिलंय ते बघा.

हा घोळ कशावरून झाला असावा, तेही कळतं. भारतीयांसाठी २०१५ पासून ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे, एका व्हिसावर दोन्ही देश. पण ती फक्त अल्पकाळाच्या भेटीच्या व्हिसाला. व्हिसावर तसा शेरा असावा लागतो आणि ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरावं लागतं. विद्यार्थ्याचा तिच्याशी संबंध नाही. आई-वडील पदवीदान समारंभाला जाणार असतील तर त्यांना मात्र उपयोग होईल, आणि नेमकं ते पुस्तिकेत नाही. बेटावर बिनव्हिसा इकडून तिकडे फिरायची मुभा ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांना आहे, तिथे राहणाऱ्या सगळ्यांना नाही.

कोल्हापूरकराला सीमा म्हटलं की कर्नाटकच्या हद्दीवरचा कोगनोळीचा टोलनाका आठवतो, आणि वातावरण तापलं की तिथे उभे राहिलेले पोलीस. उत्तर आयर्लंडची सीमा सुमारे ५०० किलोमीटर लांब, ओलांडायच्या जागा २०० पेक्षा जास्त, आणि नाका एकही नाही. उत्तरेतल्या न्यूरीहून प्रजासत्ताकातल्या डंडॉककडे जाताना वेगमर्यादेच्या पाट्या मैलाच्या किलोमीटरच्या होतात, रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ पिवळी होते, मोबाइल दुसरं नेटवर्क पकडतो. एवढंच. म्हणून पोरं शनिवारी सहज बसमध्ये बसतात. पण आयर्लंडचे पोलीस अधूनमधून बस आणि रेल्वेत चढून कागद बघतात, आणि बिनव्हिसा सापडलं तर पुढच्या प्रत्येक अर्जात ते लिहावं लागतं. डेरीसारख्या सीमेलगतच्या गावात राहायचं असेल तर फोनचं रोमिंग हातानेच बंद ठेवा.

फ्लेक्सवरचा ‘दोन देश’ हा शब्द मात्र नुसती चूक नाही, आमिष आहे. समुपदेशक तोंडी सांगतात की बेलफास्टच्या माणसाला दोन्ही पासपोर्ट मिळतात. बेलफास्टच्या माणसाला मिळतात, बेलफास्टला शिकायला गेलेल्याला नाही. तिथला जुना हिंसक संघर्ष मिटवणाऱ्या १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने तिथल्या लोकांना ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही म्हणवून घ्यायचा आणि दोन्ही नागरिकत्वं ठेवायचा हक्क मान्य केला. पण ‘तिथले लोक’ म्हणजे कोण, याची व्याख्या करारातच आहे : तिथे जन्मलेला, आणि जन्मावेळी आई-वडिलांपैकी एक तरी ब्रिटिश, आयरिश किंवा तिथे मुदतीच्या अटीशिवाय राहायचा हक्क असलेला. स्टुडंट व्हिसावर असताना मूल झालं तरी ते त्या व्याख्येत बसत नाही. शिवाय भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे या आमिषाला दोन्हीकडून कुलूप आहे.

दोन तासांच्या मार्गदर्शनात थंडीचे कपडे, प्रेशर कुकर आणि सिमकार्ड यावर सव्वा तास जातो. कांदा-लसूण मसाला न्या, पेढे आणि तूप नको, कारण दुधाचे पदार्थ चालत नाहीत, हे ठीक सांगतात. ज्या समाजात राहायला चाललोय त्याबद्दल एकच स्लाइड : ‘कॅथलिक म्हणजे आयरिश, प्रोटेस्टंट म्हणजे ब्रिटिश, आता सगळं शांत’. इतकं सरळ असतं तर काय हवं होतं! २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक किंवा त्या घरात वाढलेले ४५.७ टक्के होते, प्रोटेस्टंट व इतर ख्रिस्ती पार्श्वभूमीचे ४३.५. पण फक्त आयरिश म्हणवणारे २९.१ टक्के, फक्त ब्रिटिश ३१.९, आणि फक्त ‘नॉर्दर्न आयरिश’ म्हणवणारे १९.८. धर्म विचारून ओळख कळत नाही, आणि दोन्हीही विचारायच्या गोष्टी नाहीत.

तसं बघता हे कोल्हापुरात समजावणं सोपं आहे. बेळगाव म्हणायचं की बेळगावी, यावरून माणूस कुठल्या बाजूचा ते आपण ओळखतो. तिथे एकाच शहराला डेरी म्हटलं की राष्ट्रवादी (आयर्लंड एक व्हावं म्हणणारे), लंडनडेरी म्हटलं की युनियनवादी (यूकेतच राहावं म्हणणारे). १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सव, दुसरीकडे काळा दिवस. तिथे १२ जुलैला १६९० च्या बॉइनच्या लढाईतला प्रोटेस्टंट राजाचा विजय म्हणून ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेच्या मिरवणुका निघतात, ११ च्या रात्री मोठ्या होळ्या पेटतात, आणि त्या दिवसांत बरेच कॅथलिक गाव सोडून सुट्टीला जातात. पाट्यांचं भांडण तर अगदी आपल्यासारखं. बेलफास्टच्या नव्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात आयरिश भाषेतल्या पाट्या लावायचं ठरलं तेव्हा २०२५ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. गल्लीच्या नावाची द्विभाषिक पाटी लावायला महापालिकेच्या २०२२ च्या धोरणानुसार तिथल्या १५ टक्के रहिवाशांचा होकार पुरतो, आणि तेवढ्यावरूनही वाद होतात. एवढा तयार दाखला हाताशी असून मार्गदर्शन करणाऱ्याला तो सुचू नये?

इंग्रजी आठव्या अक्षराचा उच्चारही तिथे खूण समजला जातो. प्रोटेस्टंट शाळेत ‘एच’, कॅथलिक शाळेत ‘हेच’. आपल्याकडे दोन्ही ऐकू येतात, त्यामुळे आडनावाचं स्पेलिंग सांगताना समोरचा जरा थबकला तर गोंधळू नका.

या सगळ्या माहितीची खरी गरज पार्टटाइम नोकरीच्या वेळी लागते. ११ किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला नोकरांची सामुदायिक पार्श्वभूमी नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे. अर्जासोबत वेगळा कागद येतो, त्यावर तीन चौकटी : प्रोटेस्टंट समाजातला, रोमन कॅथलिक समाजातला, दोन्हींपैकी कुठलाच नाही. हा कागद मुलाखत घेणाऱ्याकडे जात नाही, भेदभाव होतोय का ते मोजायला असतो. तिसऱ्या चौकटीत खूण करून द्या. कोरा ठेवला तर मालक शाळेच्या नावावरून अंदाज बांधू शकतो. राजाराम कॉलेज वाचून तो काय अंदाज बांधणार, हा भाग वेगळा. ‘हिंदू ठीक, पण प्रोटेस्टंट हिंदू की कॅथलिक हिंदू?’ हा तिथला जुना विनोद आहे, कुणी ऐकवला तर हसून सोडा.

खोली बघायला दिवसा जा आणि विजेचे खांब बघा. युनियन जॅक किंवा आयरिश तिरंगा, फुटपाथच्या कडेला लाल-पांढरा-निळा किंवा हिरवा-पांढरा-नारिंगी रंग, यावरून वस्ती कळते. जूनअखेरीस झेंडे वाढतात. क्वीन्सजवळच्या होलीलँड्स भागात विद्यार्थी जास्त, घरं स्वस्त, रात्री गोंगाट. पुस्तिकेत बेलफास्टला ‘एकदम सेफ’ म्हटलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथेच स्थलांतरितांची दुकानं जाळली गेली आणि जून २०२५ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्याच बॅलिमेना गावात परदेशी लोकांच्या घरांवर हल्ले झाले. घाबरवायला नको, पण पालकांपासून लपवायलाही नको.

सुट्ट्यांची यादी लंडनची उचललीय, १७ मार्च (सेंट पॅट्रिक दिन) आणि १२ जुलै त्यात नाहीत. १२ ला अर्धे रस्ते बंद आणि बसमार्ग वळवलेले असतात. नोटांबद्दलही काही नाही. तिथे बँक ऑफ आयर्लंड, डान्स्के आणि अल्स्टर बँक स्वतःच्या पौंडाच्या नोटा छापतात. नोटा खऱ्याच, पण लंडनच्या दुकानात बऱ्याचदा घेत नाहीत. निघण्याआधी तिथेच मोडून टाका.

मार्गदर्शन आणि पुस्तिका नको म्हटलं तर केंद्र नुसती फाइल १२,००० ला करून देतं. तेवढीच घ्या. तिकीट त्यांच्याकडून काढणार असाल तर पैसे भरण्याआधी पूर्ण मार्ग कागदावर मागा, आणि त्यात डब्लिन दिसलं तर सही करू नका.