ज्वालामुखी किट : फेसवाला भाग ठीकठाक, फुग्यावाला एकदम भारी

इंदूरच्या खजुरी बाजारात पोराची गाइडं घ्यायला गेले तिथे हे किट दिसलं, साडेचारशेला. डब्यावर "ज्वालामुखी व कॅल्डेरा" लिहिलंय. ज्वालामुखी म्हणजे तोच सोडा आणि सायट्रिक ॲसिडचा लाल फेस, दोन मिनिटांत खेळ खलास.

पैसे वसूल होतात ते कॅल्डेराच्या ट्रेमध्ये. नळी लावलेला फुगा आहे, तो थोडा फुगवायचा, वर रेती पसरायची आणि मग हळूहळू हवा सोडायची. फुगा म्हणजे मॅग्मा चेंबर (जमिनीखालचा वितळलेल्या खडकाचा साठा), तो रिकामा झाला की वरचं छत खाली बसतं, आणि पोरांना तेव्हा कळतं की कॅल्डेरा म्हणजे डोंगराचं टोक उडून झालेला खड्डा नाही, खालचा आधार गेला म्हणून जमीनच खचलीय. यांची रेती मात्र बेकार, कोरडी, नुसती घसरते. मैदा घ्या, जरा दाबून बसवा, कडेने काय सुरेख गोल भेगा पडतात (सासूबाई मैद्यावरून ओरडल्या, पण बघायला त्याच पुढे).

पुस्तिकेत सुमात्रातल्या टोबाचं उदाहरण दिलंय, 74,000 वर्षांपूर्वीचा स्फोट, अंदाजे 2,800 घन किमी मॅग्मा बाहेर आणि आज तिथे साधारण 100 किमी लांब, 30 किमी रुंद तलाव. त्याआधी तिथेच 5 लाख आणि 8 लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास झालेले मोठे स्फोटही आहेत. पण तलावातलं समोसिर बेट आलं कुठून, त्यावर एक ओळ नाही! अहो तेच तर करून दाखवता येतं, खचल्यावर नळीतून परत किंचित फुंका, मधला भाग वर येतो. टोबात खालून पुन्हा मॅग्माचा रेटा आला आणि तळ वर उचलला गेला, म्हणून तर समोसिरवर तलावातला जुना गाळ सापडतो.

आणि टोबाची राख आपल्या एमपीत, सोन आणि नर्मदेच्या खोऱ्यात सापडलीय, इंदूरात विकताय तर हे छापा ना. उलट छापलंय काय, तर दख्खनचा बेसॉल्ट "महाकाय कॅल्डेरातून" आला. साफ चूक. माळव्याचा आपला काळा दगड म्हणजे लांबच लांब भेगांतून वाहत आलेला पातळ लाव्हा, 6.6 कोटी वर्षांच्या आसपासचा, थरावर थर साचलेला. ते पान पोरांना देताना पेनने खोडून द्या.

फुग्याचं रबर फार पातळ आहे, एक्स्ट्रा फुगे आणून ठेवा. 5 पैकी साडेतीन.