बाळाचा बाप्तिस्मा की जाणतेपणीचा? आरंभीची मंडळी आणि ॲनाबॅप्टिस्ट

घरात बाळ आलं की बऱ्याच ख्रिस्ती कुटुंबांत हा विषय निघतोच. आजी म्हणते, लवकर बाप्तिस्मा करून घ्या. आईवडिलांना वाटतं, मूल जाणतं झालं की स्वतः ठरवेल. दोघंही आरंभीच्या मंडळीचाच दाखला देतात, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

नव्या करारात तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याचा स्पष्ट उल्लेख नाही. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने घरच्या सर्वांसह बाप्तिस्मा घेतला, पण त्या घरात तान्हं मूल होतं का, हे कळायला मार्ग नाही. सुरुवातीच्या पिढ्यांचा भर तयारीवर दिसतो. ‘दिदाखे’ या अगदी जुन्या नियमपुस्तकात सांगितलंय की बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात द्यावा, पुरेसं पाणी नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावं, आणि घेणाऱ्याने आधी एक-दोन दिवस उपास करावा. असा उपास तान्हं बाळ करू शकत नाही. इ. स. 200 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक टर्टुलियन सांगतो, मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई नको. म्हणजे काही ठिकाणी तो दिला जात होताच. पुढे 253 च्या आसपास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला तिथला बिशप सिप्रियन याच्यासोबत जमलेल्या 66 बिशपांनी तर बाळासाठी आठव्या दिवसापर्यंतही थांबू नये असं ठरवलं. म्हणून बालबाप्तिस्मा रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने आणला, हे नेहमी ऐकू येणारं विधान सोडून द्यावं. त्याने स्वतः बाप्तिस्मा घेतला तो 337 मध्ये, मरणशय्येवर.

बदल झाला तो दुसरीकडे. 313 पर्यंत ख्रिस्ती होण्यात जिवाला धोका होता. 380 मध्ये सम्राट थिओडोसियसने त्याच विश्वासाला साम्राज्याचा धर्म ठरवलं. पुढे युरोपात बाप्तिस्मा म्हणजेच राज्याची प्रजा असणं, असं होऊन बसलं. त्यात निवडीला जागा उरली नाही.

ॲनाबॅप्टिस्टांनी, म्हणजे बालपणी बाप्तिस्मा झालेल्यांना जाणतेपणी पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्या सोळाव्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांनी, हात घातला तो इथे. जानेवारी 1525 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या नगरपरिषदेने हुकूम काढला: आठ दिवसांत बाळांचा बाप्तिस्मा करा, नाहीतर शहर सोडा. 21 तारखेला फेलिक्स मांट्झच्या आईच्या घरी हा हुकूम न मानणारे काही जण जमले. जॉर्ज ब्लाउरॉकने कॉनराड ग्रेबेलकडे बाप्तिस्मा मागितला, घेतला आणि मग इतरांना दिला. दोन वर्षांत, 5 जानेवारी 1527 ला, मांट्झला हातपाय बांधून लिमाट नदीत बुडवून मारलं. काठावरून त्याची आई त्याला विश्वासात टिकून राहायला सांगत होती. आरंभीच्या हुतात्म्यांना मारणारं रोम मूर्तिपूजक होतं. मांट्झला बुडवणारे स्वतः प्रॉटेस्टंट ख्रिस्ती होते. मला हा फरक सर्वांत जड वाटतो.

तलवार आणि शपथ नको, हे ॲनाबॅप्टिस्टांच्या 1527 च्या श्लाइटहाइम विश्वासकबुलीत स्पष्ट आहे. नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ वाचून त्यांच्यातल्या हुटराइट शाखेने मालमत्ता सामाईक केली. पण 1534-35 मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात याच चळवळीतल्या एका गटाने तलवार उचलली, बहुपत्नीत्व लादलं. हे झाकून चालणार नाही. त्यानंतर मेनो सायमन्सने शांततावाद्यांना सावरलं, त्यांचे वारस म्हणजे मेनोनाइट.

माझा कल जाणतेपणीच्या बाप्तिस्म्याकडे आहे. तो जास्त प्राचीन म्हणून नव्हे, तर आरंभीच्या मंडळीची तयारी आणि स्वतःचा होकार त्यात टिकतो म्हणून. पण घरात प्रार्थना आणि शास्त्रवाचन नसेल, तर ‘मोठा झाला की ठरवेल’ ही नुसती टाळाटाळ ठरते. अशा घराने बाळाचा बाप्तिस्मा करून मंडळीसमोर त्याला वाढवण्याचं वचन देणं मला अधिक प्रामाणिक वाटतं.

निर्णयाआधी पाळकांना एक गोष्ट जरूर विचारा. बालपणी बाप्तिस्मा झालेल्याला कॅथलिक आणि अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत; मेनोनाइट परंपरेत मात्र सभासद होताना तो बहुधा मागितला जातो. 1970 मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात जाणतेपणीचाच बाप्तिस्मा मानणाऱ्या बाप्टिस्ट आणि ब्रेदरन मंडळ्याही सामील झाल्या, त्यामुळे तिथे दोन्ही रीती मान्य आहेत.