मानेला हिसका बसलाय: एक्स-रे की एमआरआय, पट्टा की व्यायाम?

कोल्हापुरात कावळा नाक्याच्या सिग्नलला मागून टेम्पोनं ठोकलं, तर बंपरचा चेंदा लगेच दिसतो. मान धरते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो एक्स-रे बास, दुसरा म्हणतो एमआरआयच करून टाका.

एक्स-रे स्वस्त आणि झटपट, पण त्यात हाडं दिसतात, लिगामेंट, म्हणजे मणके एकमेकांना बांधून ठेवणारे चिवट तंतू, दिसत नाहीत. मणका मणक्यावरून साडेतीन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेला दिसला, की लिगामेंट गेलं असावं हा फक्त अंदाज. मान वाकवून काढलेला एक्स-रे ताज्या दुखण्यात फसवतो. स्नायू इतके आखडलेले असतात की सैल झालेली मानही घट्टच दिसते. सीटी स्कॅन फ्रॅक्चर पकडायला उत्तम. लिगामेंटसाठी मात्र एमआरआय, तोही पहिल्या दोन-तीन दिवसांत. सूज ओसरली की खूण पुसट होते. एमआरआयची खोड एवढीच, की तो बिनमहत्त्वाचंही दाखवतो आणि रिपोर्ट वाचून माणूस जास्त खचतो.

हातापायांत मुंग्या, पकड ढिली, वय 65 किंवा त्यापुढं, नाहीतर जबर अपघात, यातलं काही असेल तर मान न हलवता कोल्हापुरातल्या सरकारी सीपीआरसारखं मोठं रुग्णालय गाठा. यातलं काहीच नाही, मणक्यावर दाबून दुखत नाही आणि डॉक्टरांसमोर मान दोन्हीकडं 45 अंश वळते, तर बहुतेकदा फोटोसुद्धा लागत नाही. कॅनडातल्या डॉक्टरांनी बसवलेला हा नियम आहे.

आता मानेचा पट्टा, म्हणजे कॉलर. मी मऊ पट्टा तीन आठवडे घातला, कारण कुणी काढा म्हणालंच नाही. काढला तेव्हा डोकं तान्ह्या बाळासारखं डुगडुगत होतं. साध्या लचकेत पट्टा फार तर दोन-चार दिवस, मग व्यायाम. तळहात कपाळाला लावायचा, डोक्यानं तो रेटायचा, डोकं मात्र हलू द्यायचं नाही. दहा अंक मोजायचे. कंटाळवाणं आहे, पण मान त्यानंच सावरली.

तालमीत तेल लावून मान कडकन मोडून घेणारे आपल्याकडं घरोघरी. लिगामेंट तुटलेलं असताना ते जिवाशी खेळणं.

मणके खरंच सैल झाले असतील तर कडक कॉलर, नाहीतर स्क्रू घालून मणके जोडणं. हाड जुळतं तसं लिगामेंट भरवशानं जुळत नाही, म्हणून ही वेळ येते. वरचे दोन मणके जोडले तर मान वळण्याची जवळपास निम्मी क्षमता जाते. गाडी मागं घेताना मग अख्खे खांदे वळवावे लागतात.