फोनवरचा 'डेड सेल्स': एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढून झाल्यावर

कन्सोलवरचा ॲक्शन-प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत लढायचा खेळ, फोनवर आणताना चित्र आणि वेग यांची अडचण आता फारशी राहिलेली नाही. खरी अडचण अंगठ्यांची आहे. कंट्रोलरच्या बटणांना कडा असतात, त्यामुळे न बघता बोट जागेवर जातं. काचेला कडा नसतात. 'डेड सेल्स'चं फोनवरचं रूप या एका कसोटीवर किती टिकतं, हे जून ते मे असं पूर्ण वर्ष वापरून इथे लिहिलं आहे. त्यात गोव्याचा पावसाळा आला, चवथीचे दिवस आले आणि मे महिन्यातला चिकट उकाडाही आला. फोन दोन, दोन्ही अँड्रॉइड, एक 6.5 इंची आणि एक 6.1 इंची.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या मोशन ट्विनने तो बनवला. 7 ऑगस्ट 2018 ला कन्सोल आणि पीसीवर पूर्ण स्वरूपात आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम ॲक्शन गेम ठरला. फोनसाठीचं काम प्लेडिजियसने केलं: आयफोनवर ऑगस्ट 2019 मध्ये, अँड्रॉइडवर जून 2020 मध्ये. एकदा विकत घेतला की झालं. जाहिराती नाहीत, मध्येच नाणी विकत घ्यायची भानगड नाही. जोड-भाग तेवढे वेगळे घ्यावे लागतात.

आता मूळ प्रश्न. खेळात हातात दोन शस्त्रं, दोन कौशल्यं, उडी, लोळण, औषधाची कुपी, वस्तू उचलणं आणि नकाशा, म्हणजे नऊ आज्ञा झाल्या. वर दिशा वेगळी. हे सगळं दोन अंगठ्यांनी करायचं, आणि तेही ज्या काचेवर शत्रू दिसतो त्याच काचेवर. जरा मोजून बघा. 20:9 मापाचा 6.5 इंची पडदा आडवा धरला की साधारण 151 मिमी रुंद आणि 68 मिमी उंच असतो. टीव्हीच्या 16:9 मापाचं चित्र त्यात 120 मिमीभर बसतं, म्हणजे दोन्ही कडांना प्रत्येकी 15 मिमीची पट्टी राहते. एका अंगठ्याची रुंदी धरा. त्या पट्टीच्या आत अंगठा जितका सरकेल तितकं रणांगण झाकलं जाईल. बटणांची मांडणी करताना हे 15 मिमी मनात पक्के ठेवावेत.

या खेळात प्रत्येक बटणाची जागा आणि आकार बदलता येतो, आणि उडी, लोळण, खाली झेप यांसाठी बटणाऐवजी बोट फिरवण्याचा म्हणजे स्वाइपचा पर्याय आहे. फोनवर हा खेळ जमतो तो मुख्यतः या दुसऱ्या सोयीमुळे. बटण सापडावं लागतं, स्वाइपला जागा शोधावी लागत नाही. खाली झेप घेण्याचंच उदाहरण घ्या. कन्सोलवर हवेत असताना स्टिक, म्हणजे दिशेची दांडी, खाली दाबून उडीचं बटण दाबायचं. काचेवरच्या स्टिकवर अंगठा 'खाली' नेताना तो हमखास 'खाली-उजवीकडे' जातो, आणि झेपेऐवजी दुसरी उडी पडते. तीही नेमकी काट्यांकडे. स्वाइप खालच्या दिशेने ओढला की हा घोळ संपतो. सुरुवातीचे चार-पाच तास स्वाइप परका वाटतो, मध्येच जुन्या सवयीने अंगठा बटण शोधतो. तरी सोडू नये.

मांडणी अशी ठेवून बघा. मुख्य शस्त्राचं बटण सर्वांत मोठं, 12 ते 13 मिमी, आणि फोन सैल धरल्यावर उजवा अंगठा आपोआप जिथे टेकतो तिथेच. दुसरं शस्त्र किंवा ढाल त्याच्या डावीकडे किंचित वर. दोन्ही बटणांमध्ये 3 ते 4 मिमी जागा मोकळी सोडायची. कौशल्यांची बटणं त्याहून वर, 9 मिमी पुरे. औषधाची कुपी मात्र लांब, डावीकडे वरच्या कोपऱ्याजवळ. कुप्या मोजक्या असतात आणि घाईत चुकून उडालेली कुपी पुन्हा भरायची जागा येईपर्यंत परत मिळत नाही. तुलनेसाठी, अँड्रॉइडच्या साध्या ॲपमध्ये बटण किमान 48 डीपी (पडद्यावरचं माप मोजायचं अँड्रॉइडचं एकक) असावं असं गूगल सांगतं, म्हणजे सुमारे 7.6 मिमी. ते शांतपणे दाबायच्या बटणासाठी ठीक. नजर शत्रूवर ठेवून दाबायच्या बटणाला तेवढ्याने भागत नाही.

एक बारकावा सहसा कुणी सांगत नाही. फोन अंगठ्याचा स्पर्श एका बिंदूत धरतो, आणि तो बिंदू म्हणजे टेकलेल्या भागाचा मध्य. लढाई तापली की आपण जोरात दाबतो, अंगठा चपटा होतो आणि हा मध्य अंगठ्याच्या मुळाकडे सरकतो. म्हणून सरावात नीट लागणारं बटण मोठ्या शत्रूसमोर चुकतं. उपाय सोपा आहे: मांडणी सराव करताना न लावता ब्लॅक ब्रिज या लेव्हलवर कन्सिएर्ज या मोठ्या शत्रूशी दोन-तीनदा हरल्यानंतर लावावी, आणि बटणं 2 ते 3 मिमी मुळाच्या दिशेने ओढावीत. कन्सिएर्ज उडी मारून आपटतो तेव्हा लोळण जमली नाही, तर दरवेळी तुमचा अंदाज चुकला असं समजू नका. बऱ्याचदा अंगठा बटणाच्या कडेबाहेर पडलेला असतो.

फोनच्या स्वतःच्या सोयीही इथे आडव्या येतात. कडेवरून आत बोट ओढलं की 'मागे जा' ही खूण, तीन बोटं खाली ओढली की स्क्रीनशॉट, वरून ओढलं की सूचनांचा पडदा. दोन अंगठे आणि वर एक तर्जनी ठेवून क्लॉ पद्धतीने खेळणाऱ्याला तीन बोटांचा स्क्रीनशॉट फार छळतो; तो निघताना क्षणभर सगळे स्पर्श रद्द होतात आणि पात्र उभं राहून मार खातं. सेटिंगमधून तो बंद करा, फोनचा गेम मोड चालू करा आणि स्वाइप कडेपासून निदान 10 मिमी आतून सुरू करायची सवय लावा.

ऑटो-हिटबद्दल. फोनवर मूळ पद्धत आणि ऑटो-हिट असे दोन मार्ग आहेत. ऑटो-हिटमध्ये शत्रू टप्प्यात आला की वार आपोआप होतो, तुम्ही फक्त हालचाल आणि बचाव सांभाळायचा. याला फसवणूक म्हणणारे बरेच भेटतात. ते पटत नाही. कडा नसलेल्या काचेवर नवापैकी एक आज्ञा, तीही सर्वांत जास्त वेळा दाबली जाणारी, खेळाने स्वतःकडे घेतली, ही खेळ फोनवर आणणाऱ्यांची प्रामाणिक तडजोड आहे. पुढे 2022 मध्ये 'ब्रेकिंग बॅरियर्स' अपडेटमधून अशीच सोय पीसी आणि कन्सोलवालेही वापरू लागले.

त्याची मर्यादा मात्र समजून घ्यायला हवी. काही शस्त्रांचं सगळं मोल वेळ साधण्यात असतं. असॅसिन्स डॅगर पाठीत मारला तर क्रिटिकल, म्हणजे जादा इजा करणारा वार, रेपियर लोळणीनंतर लगेच मारला तर क्रिटिकल. वार कधी करायचा हे खेळ ठरवू लागला की ही शस्त्रं निम्मी बोथट होतात. ऑटो-हिटवर खेळायचं तर साधं, वेगवान आणि समोरूनही चांगलं लागणारं शस्त्र निवडावं. दुसरं म्हणजे शापाची पेटी. ती उघडली की 10 शत्रू मारेपर्यंत एक फटका म्हणजे मरण. तेव्हा जवळ जाऊन वार करायचा की लांबून बाण सोडायचा, हा निर्णय आपल्याच हातात हवा. शाप असताना मूळ पद्धत बरी.

आता आपल्याकडची हवा. जून ते सप्टेंबर गोव्यात हवेतला दमटपणा इतका असतो की नळाखाली धुऊन कोरडी केलेली बोटंही दहा मिनिटांत ओलसर होतात. टचस्क्रीन बोटाचा विद्युतभार ओळखून चालते. घामात मीठ असतं, म्हणजे घामाचा पातळ थरही वीज वाहतो आणि दोन जवळची बटणं फोनला एकच मोठा डाग वाटू लागतात. मग ढाल दाबली तर तलवार चालते, किंवा स्टिक एका बाजूला अडकून पात्र कड्याखाली जातं. याचा दोष खेळाला देऊन उपयोग नाही. चांदीच्या धाग्याच्या अंगठा-टोप्या मिळतात, त्या खरोखर चालतात; मात्र दोन-तीन महिन्यांत टोकाला विरतात आणि मग स्पर्श तुटक लागतो. टोप्या नको असतील तर चिमूटभर टाल्कम पावडर अंगठ्यांना लावून झटकायची आणि दर पाच-सात मिनिटांनी काच सुती कापडाने पुसायची. पावडर चार्जिंगच्या छिद्रात जाऊ देऊ नका. मॅट स्क्रीन गार्डवर बोट छान घसरतं. जाड काचेच्या गार्डवर हलका स्पर्श चुकतो. फोनमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवायची सोय असेल तर ती चालू करावी.

मे महिन्यात अडचण उलटी. बोटं ठीक असतात, पण फोन तापतो. खेळ सेकंदाला 60 फ्रेमवर चालतो, म्हणजे प्रत्येक फ्रेमला 16.7 मिलिसेकंद. प्रोसेसर तापला की फोन त्याचा वेग उतरवतो, फ्रेम चुकू लागतात, आणि लोळण नेमकी उशिरा लागते. आपल्याला वाटतं हात जड झाला. वीज जायची धास्ती असली की लोक चार्जरला लावूनच खेळतात. ते सर्वांत वाईट, कारण चार्जिंगची उष्णता आणि खेळाची उष्णता एकत्र होते. कव्हर काढा, उजेड 60 टक्क्यांच्या आसपास ठेवा, चार्ज करून मग खेळा. 6.1 इंची फोन लवकर तापला, 6.5 इंचीवाला बराच उशिरा.

चित्राबद्दल फार लिहायची गरज नाही. पात्रं आधी त्रिमितीत घडवून, हलवून, मग लहान पिक्सेल-चित्रांत उतरवलेली आहेत, म्हणून छोट्या पडद्यावरही हालचाल ओळखू येते. शत्रूच्या डोक्यावर वाराआधी येणारं उद्गारचिन्ह स्पष्ट दिसतं. लेखी मजकूर मात्र टीव्हीच्या सोफ्यावरून वाचण्याच्या मानाने लिहिलेला वाटतो. वस्तूंची वर्णनं 6.1 इंचीवर वाचताना डोळे ताणावे लागतात.

ब्लूटूथ इअरफोन वापरू नका. साध्या इअरफोनात आवाज 150 ते 250 मिलिसेकंद मागे राहतो. 200 धरले तरी 60 फ्रेमच्या हिशेबात 12 फ्रेम. ढालीने वार परतवायला कान वापरणाऱ्याला ते पुरतं बुडवतं. तारेचा इअरफोन किंवा फोनचाच स्पीकर.

प्रवासात? रायबंदर-चोडण फेरीबोटीवर एक लेव्हलही पुरी होत नाही. मडगाव-पणजी शटलमध्ये वेळ मिळतो, पण बसच्या धक्क्यांनी अंगठा 5-6 मिमी सहज उडतो. बसमध्ये ऑटो-हिट आणि कोपरं मांडीवर टेकवून खेळणं, एवढंच जमतं. पहिल्या लेव्हलनंतरच्या, 2 मिनिटांत न पोचल्यास बंद होणाऱ्या दरवाजामागे धावणं घरी करावं.

कंट्रोलर घ्यावा का? बॉस स्टेम सेलच्या, म्हणजे खेळाच्या वाढत्या काठिण्याच्या, पहिल्या पायरीपर्यंत काच पुरते. पुढे एकेका पायरीला कुप्या भरून घ्यायच्या जागा कमी होत जातात, आणि वार खाल्ल्यावर नारिंगी पट्टीतलं रक्त लगेच उलट मारून परत मिळवावं लागतं. तिथे खऱ्या बटणाला पर्याय नाही. फोन मध्ये बसवायचा, यूएसबी-सीला जोडणारा कंट्रोलर ब्लूटूथवाल्यापेक्षा बरा: चार्ज करावा लागत नाही आणि आज्ञा लवकर पोचते. घेताना तीन गोष्टी बघा. फोन कव्हरसकट बसतो का, कॅमेऱ्याच्या उंचवट्याने तो तिरका होतो का, आणि खेळता खेळता चार्जिंगची वाट आहे का.

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी त्या यूएसबी-सी टोकाची काळजी घ्यावी. खारट दमट हवेत त्यावर हिरवट थर धरतो, मग कंट्रोलर मध्येच तुटतो किंवा फोन ओलाव्याची सूचना दाखवून पोर्टच बंद करतो. खेळ झाला की कंट्रोलर फोनला लावून ठेवू नका. सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या मऊ ब्रशने टोक साफ करून पूर्ण वाळल्यावरच जोडा. पुड्या दर महिन्याला बदलाव्या लागतात.