पार्सलमध्ये काय आहे हे त्याला ठाऊक होतं

२६,०६२ रुपये ६७ पैसे. ऑनलाइन खरेदीत एवढ्याला फसलो. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "कितीला बसला?" म्हणून कोणी अंदाज करत बसायला नको. हसायचं असेल तर हसून घ्या. घरातले सगळे हसून झालेत.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक. वीस वर्षं पोरांना कानस धरायला शिकवतोय. २०२४ च्या गौरीजेवणाच्या दिवशी दार आपोआप ओढलं गेलं, किल्ली आत, आणि पाहुणे जिन्यात उभे. चावीवाला आला. दोन तारा घातल्या आणि दीड मिनिटात दार उघडलं. ४०० रुपये घेतले. पैशांचं काही वाटलं नाही, पण त्या दीड मिनिटानं माझी झोप उडवली. कुलपाच्या आत पाच पिना, प्रत्येकीमागे स्प्रिंग, एका हातानं किंचित ताण द्यायचा आणि दुसऱ्या हातानं एकेक पिन बरोबर उंचीला बसवायची. आयुष्यभर मायक्रोमीटर हाताळलेल्या माणसाला याचं वेड लागलं नसतं तरच नवल. परदेशात हा रीतसर छंद आहे. जर्मनीत १९९७ पासून याचा क्लब आहे, स्पर्धा होतात. हे आधीच सांगतो, कारण पुढे पोलीस ठाण्यात मला हेच सांगावं लागलं आणि कोणी ऐकून घेतलं नाही.

एका परदेशी संकेतस्थळावर कुलपं उघडायच्या तारांचा सेट सापडला. २४ नगांचा, सोबत सरावासाठी आरपार दिसणारं कुलूप. किंमत ३४.९० डॉलर. पत्ता लंडनचा. आता विचारा मला, लंडनचं दुकान पौंड सोडून डॉलरमध्ये भाव कशाला लावेल? मलाही आताच सुचतंय.

कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. म्हणजे चोराला दार उघडायचं असेल तर आतली कडी आपणच काढून द्यायची. मी काढली. अ‍ॅपमध्ये जाऊन परवानगी सुरू केली. १४ सप्टेंबरला २,९३५ रुपये गेले, वर बँकेचा परकीय चलनाचा आकार, म्हणजे मार्कअप, १०२.७३ आणि त्यावर जीएसटी १८.४९. ओटीपी आलाच नाही. मला वाटलं, वा, काय सुटसुटीत कारभार! परदेशातला व्यापारी ओटीपीशिवाय पैसे ओढू शकतो हे डोक्यात पक्कं बसवा. खरेदी झाली की त्याच मिनिटाला परवानगी बंद करा, चहा नंतर प्या. मी ती चालूच ठेवली.

२६ तारखेला फोन. "मुंबई कस्टम से बोल रहा हूँ." माणूस अदबीनं बोलत होता. माझं नाव, पत्ता, पिनकोड, "लॉक पिक सेट, चौबीस पीस, साथ में ट्रान्सपरंट लॉक". ड्युटी १,८४७ रुपये.

मी एरवी असल्या फोनवर गंडणारा नाही. वीजबिलवाले, केवायसीवाले, लॉटरीवाले, सगळ्यांना मी शिव्या घालून फोन ठेवलेला आहे. पण या माणसाला पार्सलमध्ये काय आहे ते नगासकट ठाऊक होतं. घरात बायकोलाही ठाऊक नव्हतं! मग तो खराच असणार, असा माझा हिशेब. आजही रात्री दोन वाजता जाग येते आणि हाच हिशेब समोर येतो. अरे शहाण्या, पाकीट बंद असताना आत काय आहे हे कोणाला ठाऊक असतं? ज्यानं ते विकलं त्याला. जी गोष्ट त्याला चोर ठरवत होती, तीच मी त्याच्या सच्चेपणाची खूण मानली.

आणि एवढ्यावरही सुटायला दोन दारं होती. फोन चालू असतानाच मी टपालखात्याच्या साइटवर ट्रॅकिंग नंबर टाकला होता. नंबराच्या शेवटी सीएन, म्हणजे माल चीनमधून निघणार. लंडन कुठे गेलं? स्थिती काय, तर पार्सल अजून तिथेच पडलेलं. जे भारतात आलंच नाही ते मुंबईत अडकेल कसं? मी विचारलं. विचारलं बरं का, अगदीच मूर्ख नाही! तो म्हणाला, "सर, हमारा सिस्टीम आगे चलता है." आणि मी मान डोलावली.

दुसरं दार यूपीआयचं. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर पैसे घेणाऱ्याचं नाव येतं. तिथे एका बाईचं नाव होतं. "मॅडम हमारी कॅशियर हैं." भारत सरकारचा सीमाशुल्क विभाग कॅशियरबाईंच्या खासगी खात्यात महसूल जमा करतो हे मी मान्य केलं. ते नाव वाचा. पिन टाकायच्या आधी मोठ्यानं वाचा, घरातल्या कोणालातरी ऐकू जाईल असं.

मला कस्टम नवीन होतं असंही नाही. आमच्याच एका सहकाऱ्यानं कॅमेऱ्याची लेन्स मागवली होती, तेव्हा पोस्टमननं दारात पावती देऊन ड्युटी घेतली होती. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. ड्युटी असतेच, म्हणूनच तर फसलो. ती फोनवरून मागत नाहीत, एवढंच विसरलो.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस. तीन सिंहांची मुद्रा, शिक्का, सही. वस्तू प्रतिबंधित, घरफोडीचं साहित्य, १२,५०० रुपये परत मिळणारी अनामत भरा नाहीतर गुन्हा. इथे मला कोणी हसू नये. मी सरकारी नोकर आहे. गुन्हा दाखल म्हणजे निलंबन, हे एकच चित्र डोळ्यांपुढे नाचत होतं. मुलगी बारावीत. भरले. नंतर कळलं की कस्टमच्या खऱ्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो त्यांच्या साइटवर तपासता येतो. माझ्या नोटिशीवर सिंह होते, क्रमांक नव्हता.

रविवारी, २९ तारखेला, २८,००० मागितले. मी गॅलरीत कुजबुजत बोलत होतो. बायको मागून आली आणि म्हणाली, "अहो, कस्टमवाले रविवारी कशाला फोन करतील?" एका वाक्यात निकाल.

त्याच क्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायला हवा होता. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात गोठवता येतात. पण काय सांगणार? कुलपं उघडायच्या तारा मागवल्या होत्या? लाजेपायी चार दिवस गप्प बसलो. तेवढ्यात, २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या सकाळी, कार्डावरून आणखी ९९ डॉलर गेले. मार्कअप आणि जीएसटी धरून ८,६५९.४५. ओटीपी अर्थातच नाही. कार्ड तेव्हा बंद केलं.

३ तारखेला तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. मग ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी अर्ज वाचला, मान वर केली आणि पहिला प्रश्न, "तुम्हाला कशाला हवं होतं हे?" मी छंद म्हणालो. त्यांनी शेजारच्या हवालदाराला हाक मारली, "अरे इकडे ये, सरांचा छंद बघ." मग दोघांनी मिळून मला समजावलं की सूर्यास्तानंतर घरफोडीचं हत्यार सबळ कारणाशिवाय जवळ बाळगणं पोलीस अधिनियमाच्या कलम १२२ खाली येतं. अहो, पण माझ्याजवळ काही नाहीच! मी ते मिळालं नाही म्हणून आलोय! माझा जबाब तीन ओळींचा आणि छंदाची चौकशी अर्धा तास. चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झाली आहे, हे मीच त्यांना सांगितलं. ते त्यांना आवडलं नाही. "सायबरला जा." सायबर जिल्ह्याच्या ठिकाणी, एसटीनं दीड तास. तिथे, "आधी तुमच्या ठाण्यातून पत्र आणा." पत्र आणलं तर साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या खेपेला एका पोरसवदा शिपायानं खरं काय ते सांगितलं, "सर, इथे चाळीस लाखवाले रांगेत आहेत." एसटीचे, झेरॉक्सचे आणि चहाचे पैसे वरच्या बेरजेत धरलेले नाहीत.

बँक त्याहून थोर. यूपीआयचं म्हणणं मांडलं तर, "पिन तुम्हीच टाकला ना?" कार्डाच्या दोन्ही रकमांवर हरकतीचा फॉर्म भरला. मधल्या काळात ९ ऑक्टोबरला पोस्टानं एक पाकीट आलं. ड्युटी शून्य. आत प्लास्टिकचा कंगवा. मला टक्कल आहे. बँकेचं उत्तर आलं, व्यापाऱ्यानं पोच दाखवली आहे, माल तुमच्या पिनकोडवर मिळाला आहे, सबब दावा नामंजूर. कंगव्याचा फोटो जोडला होता, तो कोणी पाहिला नाही. असं हलकं पाकीट आलं तर उघडताना व्हिडिओ काढा आणि पोस्टात जाऊन वजन लिहून घ्या. मी रागानं कंगवा आधी मोडला आणि मग फोटो काढला. ९९ डॉलरचं तर मी काहीच मागवलं नव्हतं, त्यालाही तीच कंगव्याची पोच लावली. तीस दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केलाय.

त्याच चावीवाल्याला परवा चौकात सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, तुमच्या घरची बाकीची कुलपं लिव्हरची आहेत, पिनांची नाहीत, ती त्या सेटनं उघडलीच नसती." आणि दाराच्या कुलपासाठी? हॅकसॉ ब्लेडची पट्टी घासून तो स्वतः हत्यारं बनवतो. हॅकसॉ ब्लेड! माझ्या वर्कशॉपमध्ये तुटलेल्या ब्लेडांचा डबा भरून ठेवलेला असतो.

काल एक फोन आला होता. "सर, आपका २६ हजार रिकव्हर हो जाएगा, फाइल चार्ज सिर्फ २,५००." रक्कम त्याला बरोबर ठाऊक होती. या वेळी मी एवढंच विचारलं, "तुला कसं कळलं रे?" त्यानं फोन ठेवला. तो नंबरही तक्रारीला जोडलाय.