परदेशी गेलेल्या मुलांच्या आई-वडिलांसाठीची सोबत-सेवा, कोथरूड
पुण्यातील अभियंते उच्च शिक्षण, संशोधनाच्या सोयी आणि पगार यांसाठी अमेरिकेला जातात. पुढे ग्रीन कार्डच्या, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याच्या रांगेत, जिथे नोकरीच्या आधारावर एका देशाच्या वाट्याला साधारण 7 टक्केच जागा येतात, ते वर्षानुवर्षे अडकतात आणि इकडे आई-वडील एकटे म्हातारे होतात. म्हणूनच मावशीसाठी घेतलेली ही सेवा मला मोलाची वाटते. येणाऱ्या ताई औषधे तपासतात, बँकेत सोबत जातात आणि मुख्य म्हणजे मावशीचे बोलणे घाई न करता ऐकतात. हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असलेल्या कॅलिफोर्नियातील मुलाला तपासणीचा अहवाल त्याच दिवशी कळतो. मात्र रात्री बोलावल्यास माणूस फार उशिरा येतो, आणि वृद्धांना भीती रात्रीचीच अधिक वाटत असल्याने ही उणीव तातडीने दूर व्हायला हवी.