‘गुड ऑर्डर!’ – ईल्स फूट पबमधल्या गाण्यांची सीडी

इंग्लंडच्या सफोक परगण्यात ईस्टब्रिज नावाचं खेडं आहे. तिथल्या ‘ईल्स फूट’ पबात बीबीसीने १९३९ आणि १९४७ साली गाणी मुद्रित केली. ‘व्हेटरन’ कंपनीने ती या सीडीवर आणली आहेत.

गळे रियाजाचे नाहीत, गावकऱ्यांचे आहेत. साथीला वाद्य नाही. मजा आहे ती बैठकीच्या शिस्तीत. सभापती फिलिप लम्पकिन टेबल ठोकून ‘गुड ऑर्डर’ पुकारतो, गलका ओसरतो आणि ज्याची पाळी तो सुरुवात करतो. कडवं एकट्याचं. ध्रुपद आलं की शाहिराच्या मागे झीलकरी उभे राहावेत तसा सगळा पब झील धरतो. हे साधायचं तर सुरुवातीचा स्वर खालचा हवा. गाणाऱ्याने उंच पट्टी धरली तर ध्रुपदापर्यंत निम्मे लोक गप्प होतात, उरलेले सप्तक बदलून खाली उतरतात. घरी गाऊन पाहणाऱ्यांनी आधी ध्रुपदातला सर्वांत उंच स्वर तपासावा, मग पट्टी ठरवावी.

आवाज जुन्या तबकड्यांचा आहे, खरखर राहणारच. ट्रेबल (आवाजातला वरचा, तीक्ष्ण भाग) फार कमी करू नका. खरखरीबरोबर शब्दांची व्यंजनंही जातात, आणि सफोकची बोली आधीच कानाला अवघड. हेडफोनवर बरं ऐकू येतं.

उणीव एकच, पण मोठी: नाच दिसत नाही. या भागातला ‘स्टेप डान्स’ म्हणजे धड ताठ, हात सैल आणि टाच-चवड्याचे ठोके जमिनीलगत. त्यासाठी सफोकमधल्याच ब्लॅक्सहॉल गावच्या ‘शिप इन’ पबमध्ये चित्रित झालेला १९५५ चा ‘द बार्ली मो’ हा लघुपट जोडीला घ्या. बीएफआयच्या (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट) २०११ च्या लोकपरंपरांवरील डीव्हीडी संचात तो आहे. नाचाला बहुधा मेलोडियन, म्हणजे हातात धरून वाजवायचा बटणांचा, भात्याचा बाजा असतो. त्याचा भाता दाबताना एक स्वर, ओढताना दुसरा; भाता सारखा उलटसुलट फिरतो म्हणून ठेका टोकदार येतो. वाजवणारा घाईला आला की टाचेचे ठोके गिळले जातात. करून पाहायचं असेल तर कडक तळव्याचे बूट घाला आणि खाली लाकडी फळी टाका. गालिच्यावर आवाज मरतो, काँक्रीटवर नडग्या भरून येतात.

इंग्रजी लोकगीतांशी पहिलीच ओळख असेल तर आधी लघुपट, मग सीडी. ध्रुपदांची सवय असेल तर थेट सीडी घ्या.